तालमीतली पिल्लं

"तिथंच थांब," आबा म्हणाले. "पिल्लू मी वर आणतो."

मी औषधांची बॅग घेऊन तालमीच्या उंबऱ्याशी उभी होते. आत तीन पायऱ्या उतरल्या की कुस्तीचा हौद, आणि हौदातल्या तांबड्या मातीत झाडून सगळी कुत्री पसरलेली. एक पाठ घासत होतं, एक भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडं शेपूट करून निवांत अंग चाटत होतं. त्या सगळ्यांना हौद मोकळा होता. मला नव्हता. बाईमाणसानं हौदात पाय ठेवायचा नाही, हा आमच्या भैरोबा तालमीचा आबांच्याही आधीपासूनचा नियम. मी केरबा वस्तादांची, म्हणजे आबांची, सख्खी मुलगी, शालन, त्यात जनावरांची डॉक्टर. पण नियम तो नियम. मग राणी कुत्री मादी असून तिला कशी परवानगी, असं मी एकदा विचारलं होतं. तिला कुठं कळतंय, असं आबा म्हणाले. म्हणजे ज्याला कळतं त्यानंच बाहेर थांबायचं. मी बाहेर थांबायची.

आबा पायऱ्या चढून आले. सत्तरी ओलांडली होती, पण छाती अजून भरलेली होती आणि दोन्ही कान कुस्तीनं मोडलेले, गोळा झालेले. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत तांबडे. छातीशी धरलेलं पिल्लू त्यांनी उंबऱ्यावरून माझ्या हातात दिलं. ती मोळी होती.

नावं सगळी आबांनी ठेवलेली, आणि सगळी कुस्तीच्या डावांची. मोळी, ढाक, घिस्सा, कलाजंग. संध्याकाळी भाकरीचा काला कालवून ते मोठ्यानं हाका मारायचे, तेव्हा रस्त्यावरच्या नवख्या माणसाला आत जंगी कुस्ती चालली आहे असंच वाटायचं.

मी मोळीचा ओठ अंगठ्यानं वर केला. धडधाकट पिल्लाची हिरडी गुलाबी असते. हिची कागदासारखी पांढरी होती. पोट तेवढं टम्म आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तिनं माझं बोट चाटलं, तेवढ्यानंही तिला धाप लागली.

"मागल्या आठवड्यात खेळत हुती," आबा म्हणाले. "तू दिलेलं औषध पाजलं. तरी अशी झाली."

"जंत परत झालेत," मी म्हणाले.

"परत कसं हुत्यात? औषधानं मेलं न्हवं?"

हेच मला कळत नव्हतं. मला कळत नाही असं आबांना सांगायची माझी तयारीही नव्हती. मी पुन्हा औषध दिलं, रक्त वाढायचं टॉनिक दिलं, आणि पिल्लाला कोरड्या जागी ठेवा म्हणून बजावलं. आबांनी मान हलवली. ते मान हलवायचे ती ऐकलं म्हणून, करतो म्हणून नव्हे, हे मला तोपर्यंत माहीत असायला हवं होतं.

*

ही गोष्ट बरीच जुनी आहे. आज आबा नाहीत आणि तालमीत कुत्रीही नाहीत. तेव्हा मी कोल्हापूरपासून तासाभरावरच्या एका दवाखान्यात नेमणुकीवर होते आणि रविवारी गावी यायची.

तालीम रिकामी पडली ती हळूहळू. कुस्ती मातीवरून मॅटवर गेली, तिच्यामागं चांगली पोरं तालुक्याला गेली, उरलेली जिममध्ये आरशापुढं दंड फुगवायला लागली. पहाटे हौद उकरायला आबा आणि त्यांचे जुने जोडीदार बाबालाल मुलाणी एवढे दोघंच. बाबालालचाचा आणि आबा एकाच वस्तादांचे पठ्ठे. एकमेकांची मान मुरगाळण्यात दोघांचं तारुण्य गेलं आणि म्हातारपणी एकाला दुसऱ्यावाचून चहा गोड लागत नव्हता. पोरं येवोत न येवोत, हे दोघं माती उकरायचे, तिच्यात काव आणि ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालायचे, कापूर चुरून टाकायचे. मातीत दरसाल नवी भर पडायची, पण जुनी कधी काढून टाकत नसत. विरजणासारखी जुनी माती नव्या मातीत मुरायची. आबांच्या वस्तादांच्या वस्तादांनी अंगाला लावलेली माती त्या हौदात कुठंतरी आहे, असं ते सांगायचे.

आई गेली त्या वर्षी थंडीत राणी कुठूनशी आली आणि हौदात व्याली. मऊ, ओलसर, वाऱ्यापासून आडोशाला असलेली जागा. बाळंतिणीला आणखी काय हवं? बाबालालचाचांना वाटलं केरबा आता काठी घेणार. आबांनी तिला शिरा करून घातला. मग गावानं ओळखलं. गाडीखाली सापडलेलं कुत्रं असो, कुणी पोत्यात घालून सोडलेली पिल्लं असोत, न्या वस्तादांच्याकडं. वर्षभरात तालमीचा कुत्र्यांचा आश्रम झाला. लोक चेष्टा करायचे की वस्तादांना अखेर ऐकणारे पठ्ठे मिळाले. आबांना त्याचं काही वाटत नव्हतं. आई गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि आई होती तेव्हाही ती दोघं फारशी बोलत नसत.

त्याचं कारण मारुतीच्या तसबिरीखाली टांगलेलं होतं. लांग कसून, मांडीवर हात ठेवून उभा राहिलेला एक मुलगा. आनंदा, माझा थोरला भाऊ. तो गेला तेव्हा मी पहिलीत होते. कशानं गेला, असं कुणी विचारलं तर आमच्या घरात एकच शब्द होता. अशक्तपणानं. गावातल्या सगळ्यात मोठ्या वस्तादाचा मुलगा, दूध-तूप-बदामावर वाढलेला, अशक्तपणानं गेला. ऐकणारा पुढं काही विचारत नसे. आईनं मला कधी काही सांगितलं नाही. ती फक्त त्यानंतर तालमीच्या रस्त्यानं गेली नाही. बाजाराला जायचं तरी मागच्या गल्लीनं वळसा घालून जायची.

*

राणीच्या दुसऱ्या वेतातली पिल्लं एकामागून एक जात होती. पिल्लू जन्मतः गुटगुटीत असायचं, चालायला लागलं की मलूल व्हायचं, शी डांबरासारखी काळी, हिरड्या पांढऱ्या, आणि मग एका सकाळी उठायचं नाही. आबा त्याला कडुनिंबाखाली पुरायचे. मी शी तपासली होती. आकड्यासारख्या तोंडाचा एक जंत असतो, आतड्याला लटकतो आणि रक्त पितो. त्याची अंडी ढिगानं होती. रोग समजला होता, औषध बरोबर होतं, मात्रा बरोबर होती. पिल्लू चार दिवस उड्या मारायचं आणि पुन्हा पडायचं. राणीलाही औषध दिलं, कारण हा जंत आईच्या दुधातूनही जातो. तरी तेच. शेवटी मोळी आणि तिचा भाऊ ढाक एवढेच उरले.

चैत्र सरत आला होता. त्या बुधवारी मला शेजारच्या गावी म्हशींच्या लसीकरणाला जायचं होतं. काम लवकर उरकलं म्हणून मी न सांगता गावाकडं वळले. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तालमीचं दार लोटलेलं होतं. आतून आबांचा आवाज येत होता, कुणाला तरी समजावल्यासारखा, हळू.

मी दार ढकललं. आबा हौदात मांडी घालून बसले होते. मोळी त्यांच्या पुढ्यात उताणी होती आणि ते ओंजळीनं माती घेऊन तिच्या पोटावर, छातीवर, मांड्यांच्या आत चोळत होते. वरून खाली, वरून खाली, पहिल्या फडाला उतरणाऱ्या पोराला चोळावं तसं. शेजारी मातीतच खळगा करून ढाकला गळ्यापर्यंत पुरून ठेवलं होतं. त्याची मान तेवढी बाहेर होती आणि तो शहाण्यासारखा गप्प बसला होता.

"ताकद येती," आबा मला बघून म्हणाले. त्यांना लपवाछपवी वाटत नव्हती. "औषधानं जंत मरत्यात. पर ताकद मातीनंच येती. रोज घालतोय दुपारचं."

सगळ्यांना असंच घालत होता का, असं मी विचारलं. जे जे पिल्लू मलूल दिसेल त्याला, असं ते म्हणाले. गेली त्यांनाही घातलं होतं. गेली त्यांना तर जास्तच घातलं होतं.

माझं लक्ष त्यांच्या पावलांकडं गेलं. पावलाच्या कडेवर वळणं घेत गेलेली एक लाल रेघ होती, खाजवून खाजवून सोललेली. गेले कित्येक रविवार मी ती बघत होते आणि डॉक्टरला दाखवा म्हणून सांगत होते; आबा तिच्यावर खोबरेल आणि कापूर लावत होते. कुत्र्याच्या त्या जंताची अळी माणसाच्या कातडीत शिरली तर अशीच रेघ उमटवते. आत वाट सापडत नाही म्हणून कातडीखाली भटकत राहते. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि वडिलांच्या पायावर ओळखलं नव्हतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं. जंत पिल्लात होताच, पण घर त्यानं हौदात केलं होतं.

"आबा, मला थोडी माती द्या," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी देवापुढं ठेवायला मागते आहे. त्यांनी ती कपाळाला लावून दिली.

*

माती तपासणं अवघड नाही. कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोमट पाण्यात लोंबकळत ठेवायची. मातीत जे जिवंत आहे ते ऊब शोधत बाहेर येतं आणि तळाला बसतं. मी दवाखान्यातून मायक्रोस्कोप घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि तालमीच्या ओसरीवर, उजेडाच्या तोंडाला, स्टुलावर मांडला. बाबालालचाचाही आले होते. मोळी आबांच्या मांडीवर पोत्याच्या तुकड्यावर पडून होती. त्या दिवशी तिनं दूध तोंडात घेतलं नव्हतं.

मी आधी बघितलं. मग आबांना म्हणाले, डोळा लावा.

आबांना बराच वेळ काही दिसेना. मग ते एकदम स्थिर झाले. "वळवळतंय की," ते म्हणाले. "केसावानी बारीक. काय हाय हे?"

"जंताच्या अळ्या. हौदातल्या."

"कंच्या हौदातल्या?"

मी उंबऱ्याच्या आत बोट दाखवलं. आबांनी पुन्हा डोळा लावला. मग त्यांनी बाबालालचाचांना बघायला लावलं, आणि चाचा नळीपासून तोंड बाजूला करून नुसतेच भिंतीकडं बघत राहिले.

मी सांगायला लागले. कुत्र्याच्या शीतून अंडी मातीत पडतात. कितीही उचललं तरी थोडी राहतातच. त्यांना ओलावा लागतो, सावली लागते, भुसभुशीत माती लागते. टणक कोरड्या जमिनीवर, उन्हात ती मरतात. अळी बाहेर आली की वाट बघत बसते. पिल्लाचा पंजा पडला, पोट टेकलं, की कातडीतून आत.

"ताकानं वलावा ऱ्हातो," बाबालालचाचा म्हणाले. ताक गेली चाळीस वर्षं तेच घालत होते.

"चाचा, तुमचं काही चुकलं नाही. कुस्तीला माती अशीच लागते."

चाचांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते उठून रांजणाशी गेले आणि पाणी न पिताच परत आले.

आबा मोळीकडं बघत होते. मला वाटलं आता ते भांडतील. माती विटाळली म्हणतील, तुझं यंत्र खोटं म्हणतील, आणि मला ते हवं होतं. भांडणाऱ्या आबांना कसं हाताळायचं ते मला येत होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी अंगठ्यानं मोळीचा ओठ वर केला, मी करायची अगदी तसा, आणि ती पांढरी हिरडी न्याहाळली.

"म्हंजे त्याला बरं वाटावं म्हणून मी मातीत घालत हुतो," ते म्हणाले, "आन् मातीच..."

"तुम्हाला कसं कळणार, आबा? मलाही उशिरा कळलं."

"हं."

ढाक ओसरीच्या टोकाला एका चिंधीशी खेळत होता. मग आबांनी विचारलं, आणि मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ज्या प्रश्नाची भीती होती तो हाच. जंतांवरचा धडा वाचताना त्यात एक परिच्छेद माणसाच्या जंताचा होता. अनवाणी पाय, ओली माती, वाढत्या वयाचं मूल, पांढरी पडलेली नखं आणि ओठ, जिना चढताना धाप. मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. आमच्या तालमीमागं तेव्हा मोकळं रान होतं आणि सगळी पोरं तिथंच परसाकडं बसायची; तिथून अनवाणीच हौदात यायची.

"माणसाला हुतंय का हे?"

"कुत्र्याचा जंत माणसाच्या पोटात राहत नाही," मी म्हणाले. "पायाला खाज सुटते, तुम्हाला सुटली तशी. बाकी काही नाही."

"कुत्र्याचं न्हाई इचारत मी. माणसाचा म्हणून असला जंत असतोय का?"

आबा डोळे वर करत नव्हते. हात मोळीच्या ओठावरच होता. बाबालालचाचा माझ्याकडं बघत होते.

"असतो," मी म्हणाले.

"आनंदाचं ओठ असंच झालं हुतं. नखं बी. मला वाटलं अंग चोरतंय पोरगं. म्हणून दोन येळंला हौदात उतरवायला लागलो. पडून ऱ्हायला लागला तवा मातीत घालून चोळला. तुझी आई म्हणायची मिरजंला न्या. मी म्हटलं, वस्तादाचं पोर दवाखान्यात? लोक हसतील."

एवढं सलग आबा आनंदाबद्दल कधी बोलले नव्हते. माझ्या उभ्या आयुष्यात नाही.

"आनंदाला कावीळ होती," मी म्हणाले.

"काय?"

"कावीळ. पोटात गेलेली. तिला तेव्हा औषध नव्हतंच. मिरजेला नेला असता तरी वाचला नसता. आईनं सांगितलंय मला, शेवटी आजारी होती तेव्हा. गावात डॉक्टर आला होता त्यानं तिला सांगितलं होतं."

आईनं असलं काहीही सांगितलं नव्हतं. गावात डॉक्टर आला होता की नव्हता तेही मला ठाऊक नव्हतं.

"मला न्हाई बोलली," आबा म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतं तिला."

हे मी का म्हणाले? खोटं पक्कं करायला थोडा राग लागतो म्हणून असेल, आणि थोडा राग खरोखरचाही असेल. आबांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "डोळं जरासं पिवळं हुतंच त्याचं. कावीळच असंल." मग त्यांनी बाबालालचाचांना विचारलं, पिवळं हुतं न्हवं रं? आणि बाबालालचाचा, ज्यांनी आनंदाला खांद्यावरून नेलं होतं, म्हणाले, व्हय केरबा, हुतं की.

मोळी दिवस मावळायच्या आत गेली. मी सुईनं पाणी दिलं, ऊब दिली, करायचं ते सगळं केलं. आबांनी तिला मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही. एकदा तिनं मान उचलून हौदाच्या दिशेनं बघितलं. सवयीनं बघितलं असेल. नंतर तिचं पोट हलायचं थांबलं. आबांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं आणि स्वतःच्या तोंडावरही तोच सोगा धरला. मी वडिलांना रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आनंदाच्या वेळी मी लहान होते, पण ते रडले नव्हते असं सगळे सांगतात.

मोळीला पुरताना मी हिय्या करून सांगितलं. ढाक वाचायचा असेल तर कुत्र्यांना हौद बंद करावा लागेल. नुसता बंद करून भागणार नाही, कारण पिल्लं कुठूनही शिरतात. माती काढावी लागेल, सगळी, तळाच्या मुरमापर्यंत. माळावर पातळ पसरून वैशाखाचं ऊन खाऊ दिलं पाहिजे. खाली फरशी टाकावी लागेल. दुसऱ्याच्या देवघरात शिरून देव बाहेर काढा म्हणणाऱ्यासारखं मला वाटत होतं. बाबालालचाचा हळूच म्हणाले की कुत्री दुसरीकडं नेता येतील, शाळेमागचं जुनं गोदाम आहे. माती असू दे. त्या मातीत काय काय आहे, पोरी, तुला ठावं न्हाई.

आबांनी फावड्याच्या पाठीनं खड्डा थोपटला. घरी येऊन जेवले नाहीत. रात्रभर ओसरीवरून त्यांच्या कूस बदलण्याचा आवाज येत होता, आणि मी आत पडून मनाशी घोकत होते की कावीळ त्यांना पटली आहे, निदान तेवढं तरी झालं.

*

सकाळी उठले तर आबा घरात नव्हते. मी चपला सरकवल्या आणि तालमीकडं गेले.

ओसरीवर भिंतीला टेकवून मारुतीची तसबीर ठेवली होती आणि तिच्याशेजारी आनंदाचा फोटो. दोन्हीवरची धूळ पुसलेली होती. कुत्री सगळी बाहेर, कडुनिंबाखाली साखळीला. ढाक एका करंडीत. दाराबाहेर एक रिकामी बैलगाडी उभी होती आणि बाबालालचाचा जुवावर हात ठेवून खाली बघत उभे होते. ते आत जायला तयार नव्हते. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई बाय, असं म्हणाले. तू जा, तो तुझीच वाट बगतोय.

मी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. नेहमीच्या जागी.

आबा हौदाच्या मधोमध होते. हौद त्यांनी शेवटचा उकरून ठेवला होता. माती फुलून आली होती आणि कापराचा वास दारापर्यंत येत होता. मला आधी कळेना की त्यांच्यात काय वेगळं दिसतंय. मग दिसलं. त्यांच्या पायात पायताण होतं. जाड तळाचं, करकरणारं कोल्हापुरी पायताण, जे ते देवळाबाहेर, घराबाहेर, आणि या उंबऱ्याबाहेर जन्मभर काढून ठेवत आले होते. माझ्या लहानपणी एक पाहुणा विसरून चपलेसकट पहिल्या पायरीवर उतरला होता, तर आबांनी त्याला उचलून बाहेर नेऊन ठेवला होता.

"ये," आबा म्हणाले. "उतर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ये की. माझ्या एकट्याच्यानं व्हनार न्हाई."

त्या मातीत पाय ठेवायचं मी लहानपणी किती मनात आणलं होतं. आनंदा अंगभर तांबडा होऊन घरी यायचा आणि मी त्याच्या दंडावरची माती बोटानं काढून स्वतःच्या कपाळाला लावून बघायची. उंबऱ्याशी वाकून मी सवयीनं चपलेला हात घातला.

"काढू नको," आबा म्हणाले.

मी वर बघितलं.

"पायताण घालूनच ये," ते म्हणाले. "आनंदाला मी अनवाणी उतरवला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि माझ्या खोटेपणाची आठवणही त्यांनी करून दिली नाही. ते फावड्यावर हात ठेवून वाट बघत राहिले. कावीळ त्यांना पटली नव्हती, एवढं मला कळलं. मी चपलेसकट पहिली पायरी उतरले, मग दुसरी, मग तिसरी. माती फार मऊ होती. चपलेच्या कडेवरून थोडी आत आली, तशी आबांनी खाली वाकून ती स्वतःच्या हातानं झाडली. मग माझ्या हातात पाटी दिली आणि पहिलं फावडं मारलं.